नवनगरात आपला पत्ता कोणता?

नागपूर ते मुंबई हा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला आहे. नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी. रस्ता आपल्या वैजापूर तालुक्यातून जातो, त्यामुळे जांबरगाव आणि हडस पिंपळगाव ही दोन नावे राज्यभरच्या गाडीवाल्यांना पाठ झाली आहेत. टोलनाके म्हणून. पण या दोन गावांची नावे आधी आणखी एका यादीत आली होती, आणि ती यादी आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिली आहे. ती यादी होती कृषी समृद्धी नवनगरांची.

कल्पना साधी होती. महामार्गावर जिथे चढायची-उतरायची सोय आहे, तिथे एक नवे शहर वसवायचे. त्यात शेतमालावर प्रक्रिया करणारे कारखाने, गोदामे, शीतगृहे, शाळा, दवाखाने, दुकाने आणि राहती घरे, सगळे एकाच आखणीत. माणसाने कामावर चालत जावे, सांडपाणी शुद्ध होऊन पुन्हा वापरात यावे, तारा आणि नळ जमिनीखालून जावेत. सुरुवातीला अशी वीसहून जास्त ठिकाणे ठरली, पुढे आकडा घटत गेला. नियोजनाचे अधिकार राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आले. रस्ता झाला. नवनगर मात्र उभे राहिलेले नाही.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, मग आत्ताच त्यावर संपादकीय कशाला? माझे उत्तर असे की शहर उभे राहिल्यावर बोलून उपयोग नसतो. कोणाचे घर कुठे, बाजार कुठे, कब्रस्तानाला जागा किती, मटणाच्या दुकानाला परवानगी आहे की नाही, हे विटा रचताना ठरत नाही. ते नकाशावर रंग भरताना ठरते. पिवळा रंग राहण्यासाठी, निळा व्यापारासाठी, जांभळा उद्योगासाठी. तो रंग एकदा वाळला की पुढची तीस वर्षे अर्ज-विनंत्यांत जातात.

नियोजित नवे शहर कसे आकार घेते हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. जिल्ह्यातच शेंद्रा आणि बिडकीन आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातल्या या नगराचे नाव ऑरिक, म्हणजे औरंगाबाद इंडस्ट्रियल सिटीचे लघुरूप. (जिल्ह्याचे नाव बदलले, पाट्या बदलल्या, पण गुंतवणूकदारांच्या तोंडी बसलेले हे नाव तसेच राहिले आहे.) दोन्ही भाग मिळून सुमारे 10,000 एकर. त्यातले साधारण 60 टक्के क्षेत्र उद्योगांना आणि 40 टक्के घरे, दुकाने, शाळा, दवाखाने, मोकळ्या जागा यांना, अशी विभागणी. शेंद्र्याच्या ऑरिक हॉलचे उद्घाटन सप्टेंबर 2019 मध्ये झाले. बिडकीनच्या शेतकऱ्यांना एकरी 23 लाख रुपये मिळाले. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्कर, जेएसडब्ल्यू, एथर अशी मोठी नावे बिडकीनसाठी पुढे आली. एकट्या टोयोटासाठी 850 एकर.

हे सगळे आपल्या जिल्ह्याच्या फायद्याचे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. 'विकास म्हणजे आपल्याविरुद्धचा कट' अशी भाषा आपल्या काही व्हॉट्सॲप ग्रुपांवर चालते, ती मला पटत नाही. कारखाना आला तर आयटीआय झालेल्या पोराला काम मिळते, मग त्याचे आडनाव शेख असो की जाधव. निदान मिळायला हवे. प्रश्न दुसराच आहे. ऑरिकमध्ये उद्योगांची बाजू पुढे गेली आणि वस्तीची बाजू मागे राहिली. कामगार तिथे काम करतो आणि राहतो मात्र चिकलठाणा, मुकुंदवाडी, शेंद्रा-करमाड या बाजूच्या भाड्याच्या खोल्यांत. कामावर चालत जाण्याचे स्वप्न तो दुचाकीवर बसून पाहतो. उद्या जांबरगावलाही हेच होणार असेल तर त्या 'शाश्वत' शब्दाचा अर्थ आपण आताच विचारून घेतलेला बरा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. समृद्धीसाठी जमीन घेताना 2016 साली सरकारने भूसंचयाची योजना आणली. शेतकऱ्याने जमीन द्यायची आणि बदल्यात नवनगरात विकसित भूखंड घ्यायचा. जिरायत जमिनीला दिलेल्या क्षेत्राच्या 25 टक्के, बागायतीला 30 टक्के. शिवाय दहा वर्षे दरसाल मोबदला, जिरायतीला हेक्टरी 50,000 आणि बागायतीला 1 लाख रुपयांपासून सुरू होऊन दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढणारा. शेतकऱ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. नाशिकपासून वैजापूरपर्यंत विरोध झाला. मग 2017 मध्ये थेट खरेदीचा पर्याय आला, दर पाचपटीपर्यंत गेला, आणि बहुतेकांनी रोख रक्कम घेणे पसंत केले. शेतकऱ्याने व्यवहार पाहिला, त्यात त्याला दोष देता येत नाही. पण परिणाम असा झाला की ज्या नवनगरात शेतकरी भूखंडाचा मालक म्हणून राहायला येणार होता, त्या नवनगरात त्याचा पाय रोवण्याआधीच निघाला.

भूखंड असो की रोख, दोन्ही योजनांचे दार एकच होते. सातबारा.

एका तरुणाशी माझे या विषयावर बोलणे झाले. वेल्डिंगचे काम करतो, वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात सालाने राबले. मी नवनगराची माहिती सांगत होतो, तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "भाई, अपने नाम पे सातबाराच नई, तो अपनेकू प्लाट कायकू मिलेगा?" या एका वाक्यापुढे माझी सगळी माहिती अपुरी होती.

आपल्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे 21.25 टक्के लोक मुस्लिम आहेत. राज्यात हे प्रमाण 11.54 टक्के. म्हणजे आपण इथे मोठ्या संख्येने आहोत. पण वैजापूर, शिऊर, लासूर, गारज, कुठेही बाजारात उभे राहून पाहा, आपले लोक कोणत्या कामात दिसतात? बागवान फळांच्या गाडीवर, कुरेशी जनावरांच्या बाजारात, मन्सुरी गादी भरताना, मणियार बांगड्यांच्या दुकानात, आणि आपली कितीतरी पोरे गॅरेज, पंक्चर, भंगार, हमाली, ड्रायव्हरकी यांत. सच्चर समितीने 2006 मध्ये देशभराचे आकडे मांडून हेच सांगितले होते, की मुस्लिमांत पगारी नोकरी कमी आणि स्वतःच्या हिमतीवरचा छोटा धंदा जास्त. अशा माणसाचे गावाशी नाते जमिनीचे नसते. ते रस्त्याचे असते, नाक्याचे असते, उधारीच्या वहीचे असते. जमीन गेली की शेतकऱ्याला चेक मिळतो. रस्ता वळला की पंक्चरवाल्याला काय मिळते?

आणि रस्ता खरोखरच वळला आहे. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना बंदी आहे. दोन्ही बाजूंना कुंपण आहे. म्हणजे ज्या गावांच्या छातीवरून रस्ता गेला, त्या गावातला मोटारसायकलवाला त्यावर चढू शकत नाही आणि गावातला चहावाला त्याच्या कडेला टपरी टाकू शकत नाही. वैजापूरहून येवल्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे हॉटेलवाले आणि गॅरेजवाले सांगतात की लांब पल्ल्याच्या गाड्या आता दिसत नाहीत. दुसऱ्या बाजूला, महामार्गावर विश्रांतीच्या सोयींची वाण होती तेव्हा काय घडले हेही आपण विसरलो नाही. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री जांबरगाव टोलनाक्याजवळ एक टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळली आणि 12 जण गेले. बुलढाण्याच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावरून नाशिकला परतणारे भाविक होते ते, आणि मृतांत बहुतेक नावे गंगुर्डे, सोळसे, शिरसाठ अशी होती. सैलानीला कोण जाते हे विदर्भ-मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. त्या अपघाताची कारणे वेगळी होती, तो तपासाचा भाग. पण तासन्‌तास एकसुरी चालणाऱ्या त्या रस्त्याला माणसांच्या वस्तीची, उजेडाची, चहाच्या टपरीची गरज आहे, आणि आपल्या पोरांना कामाची. नवनगर नीट झाले तर या दोन गरजा एकत्र भागू शकतात. म्हणून माझा त्याला विरोध नाही.

कायद्यात याची सोय नव्हती असे नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या शब्दात जमीनमालकाबरोबर शेतमजूर, कूळ, वाटेकरी आणि कारागीरही धरले आहेत, जे संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करून पोट भरत होते. त्याच कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास करणे बंधनकारक आहे. पण व्यवहार जेव्हा 'संमतीने थेट खरेदी' असा होतो, तेव्हा टेबलाच्या एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला सातबारावाला, एवढेच दोघे उरतात. खरेदीखताच्या कोणत्याही रकान्यात सालगड्याचे नाव लिहायची जागा नसते.

सातबारा आहे अशा घरांबद्दलही बोलले पाहिजे, आणि इथे आपल्याला सरकारकडे बोट दाखवता येणार नाही. आपल्या घरांत जमीन आहे तिथे बहिणींचे नाव किती सातबाऱ्यांवर आहे? अब्बांच्या मयतीनंतर वारस नोंद होते, तलाठी सगळ्यांची नावे लावतो, आणि सहा महिन्यांत तहसीलच्या आवारात हक्कसोडपत्र तयार होते. आपाची सही, खालाची सही. "भाई से क्या हिसाब लेना" हे वाक्य आपल्या घरांत प्रेम म्हणून बोलले जाते. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा स्पष्ट आहे, मुलाच्या निम्मा, आणि तो देणे ऐच्छिक ठेवलेले नाही. गंमत अशी की शरीयतवर आघात झाला म्हणून रस्त्यावर येणारे आपले पुढारी या वाट्याबद्दल कधी सभा घेत नाहीत. 1937 च्या शरीयत ॲक्टच्या कलम 2 मधून शेतजमीन वगळलेली आहे, हेही आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

जमीन जिरायत आणि कोरडी होती तोवर हा वाटा नावापुरताच होता, असे एक वेळ म्हणता येईल. पण त्याच जमिनीची किंमत पाचपट होते किंवा तिच्या बदल्यात नवनगरातला भूखंड मिळतो, तेव्हा हक्कसोडपत्रावरची ती सही बहिणीला किती महाग पडते याचा हिशेब करा. भावाने चेक वटवला, गाडी घेतली, घरावर मजला चढवला; बहिणीला ईदला साडी-चोळी. समृद्धीच्या पैशांनंतर आपल्या तालुक्यात हे हिंदू घरांत झाले तसे मुस्लिम घरांतही झाले. या मासिकाच्या वाचक मुलींना माझे सांगणे आहे: सही मागितली तर कागद घरी आणा, वाचा, आणि नवनगराची योजना कोणत्या गटांतून जाते ते पाहिल्याशिवाय पेन उचलू नका. भाऊ नाराज होईल. होऊ द्या.

वक्फ जमिनीबद्दल थोडक्यात. मराठवाड्यात, निजामाच्या काळापासून, मशीद-दर्ग्यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश इनाम जमिनी गावोगाव आहेत. इनामे रद्द करणाऱ्या हैदराबादच्या कायद्याने धार्मिक संस्थांच्या इनामांना हात लावला नव्हता. अशी जमीन प्रकल्पात गेली तर मोबदला त्या संस्थेचा असतो. मुतवल्लीचा नसतो, आणि गावातल्या वजनदार माणसाचा तर नाहीच. वक्फ मंडळाचे मुख्यालय आपल्याच जिल्ह्यात, पाणचक्कीत आहे. आपल्या गावच्या मशिदीच्या नावाने कोणते गट आहेत हे प्रत्येक गावातल्या दोन तरुणांनी तरी माहीत करून घ्यावे. एवढे काम एका आठवड्याचे आहे.

आता घराबद्दल. भाड्याने खोली शोधताना नाव सांगितल्यावर "कालच गेली हो" हे उत्तर तुमच्यापैकी ज्याने ऐकले नसेल तो नशीबवान. जुन्या शहरांत या भिंती हळूहळू उभ्या राहिल्या. दंगे झाले, माणसे आपापल्या लोकांत सरकली, मोहल्ले घट्ट झाले. संभाजीनगरात सिडकोचे एन सेक्टर आखले गेले तेव्हा कागदावर कोणताच सेक्टर कोणत्याच धर्माचा नव्हता. तरी आज कुठे कोण राहते हे रिक्षावाला डोळे मिटून सांगतो. सहकारी गृहसंस्थांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी मान्य केला. तो निकाल पारशी सोसायटीचा होता, पण त्याची सावली आपल्यावर पडते.

नवनगराचे वेगळेपण इथेच आहे. तिथे जमीन खासगी बिल्डरच्या हातात जाण्याआधी सरकारी प्राधिकरणाच्या हातात असते. ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने किंवा वाटपाने दिली जाते, आणि वाटपाला अटी असतात. इतक्या मुदतीत बांधकाम करा, झाडे लावा, पावसाचे पाणी जिरवा. मग त्याच कागदात आणखी एक अट का नसावी, की या भूखंडावरचे घर वा दुकान विकताना किंवा भाड्याने देताना धर्म, जात किंवा खाणेपिणे यावरून नकार देता येणार नाही आणि दिल्यास वाटप रद्द होईल? घटनेच्या कलम 15 ने राज्यसंस्थेला भेदभाव करायला मनाई केलीच आहे. आपल्या जमिनीवर दुसऱ्याला तो करू द्यायचा की नाही, हे ती वाटपाच्या अटींत ठरवू शकते. झाडांची अट घालता येते तर माणसांचीही घालता येईल.

तशीच गोष्ट छोट्या घरांची. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांत मोठ्या अभिन्यासांत 20 टक्के भूखंड दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम आहे. नवनगरात लोकसंख्या शून्यापासून सुरू होते, म्हणून हा नियम तिथे गैरलागू म्हणायचा का? उलट, तिथेच तो पहिल्या दिवसापासून हवा. आणि घरांइतकीच जागा ओट्यांना, गाड्यांना, आठवडी बाजाराला हवी. आराखड्यात फेरीवाल्याची जागा नसेल तर तो पुढे अतिक्रमणवाला ठरतो, आणि मग जेसीबी येतो.

वर्षानुवर्षे पुण्याच्या मगरपट्ट्याचे उदाहरण दिले जाते, आणि ते खरेच चांगले आहे. हडपसरच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 400 एकरांच्या वर जमीन एकत्र केली, कंपनी काढली, स्वतः भागीदार झाले आणि शहर उभे केले. जमीन विकली नाही, तिच्यावर उभ्या राहिलेल्या धंद्यात वाटा ठेवला. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते: त्यातली बहुतेक कुटुंबे एकाच भावकीची होती, त्यांच्यात विश्वास आधीपासून होता. वैजापूरच्या शिवारात मराठा, माळी, दलित, मुस्लिम, धनगर, बंजारा यांच्यात तेवढा विश्वास आज आहे का? नसेल तर तो आधी तयार करावा लागेल. आपला आक्षेपअर्ज एकट्या मुस्लिमांचा असू नये, असे मी म्हणतो ते यासाठी. हमाल-मापाडी, शेतमजूर, भटके-विमुक्त, या सगळ्यांची अडचण एकच आहे आणि ती सातबाऱ्याच्या बाहेर असण्याची आहे.

आणि पाणी. ज्या जिल्ह्याच्या शहरात नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही, तिथे नवीन शहराची गोष्ट करताना पहिला प्रश्न पाण्याचाच हवा. वैजापूर तालुका पर्जन्यछायेचा. नारंगी-सारंगी भरेल की नाही याची धाकधूक आणि नांदूर मधमेश्वरच्या कालव्याचे आवर्तन कधी सुटते याकडे डोळे, हे इथले दरवर्षीचे आहे. मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकीत राजधानी वसवली, तीही एक नियोजित नगरीच होती. इथिओपियातून गुलाम म्हणून आलेल्या या माणसाने शहराच्या उत्तरेकडचे भूजल जमिनीखालच्या बांधीव नहरीतून आणून मोहल्ल्यामोहल्ल्यांत खेळवले. त्या नहर-ए-अंबरीचे अवशेष आजही दिसतात. नवनगराच्या आराखड्यात पाण्याचे पान कितवे आहे आणि ते पाणी कोणत्या शेतकऱ्याच्या आवर्तनातून कापले जाणार आहे, हे विचारायला अभियंता असायची गरज नाही.

विचारायचे कुठे? नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते, साधारण 30 दिवसांची. हरकत साध्या कागदावर, मराठीत, गट नंबरसह लिहिता येते, आणि जमीन नसलेला माणूसही ती देऊ शकतो. मुदतीत दिलेल्या हरकतीवर सुनावणी घ्यावी लागते. मसुदा येण्याची वाट न पाहता माहिती अधिकारात दोन अर्ज आजच करता येतील: जांबरगाव आणि हडस पिंपळगाव नवनगरांच्या अधिसूचित गट नंबरांची यादी, आणि पाण्याच्या स्रोताबद्दलचा पत्रव्यवहार. फी 10 रुपये. गावागावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा होते. तिच्यात आपले वडीलधारे सहसा मागच्या ओळीत बसतात आणि आपल्या घरातल्या बाया जातच नाहीत. पुढच्या ग्रामसभेला अम्मीला आणि आपाला सोबत न्या, तीन मागण्या लिहून न्या: मजूर-कारागिरांची नोंद, दुर्बलांसाठी 20 टक्के भूखंड, आणि वाटपाच्या अटींत भेदभावबंदी. ग्रामसेवकाला त्या इतिवृत्तात लिहायला सांगा आणि इतिवृत्ताची नक्कल मागून घ्या. नक्कल मिळाली की तिचा फोटो आम्हाला पाठवा; पुढच्या अंकात आम्ही गावांच्या नावांसह ते ठराव मराठी आणि उर्दू दोन्हीत छापू.